सीटवरचा आकडा

गाडी विकायला आलेला माणूस आधी खोटं बोलतो आणि मग स्टँड लावतो, असं वजाबाकीचं ठाम मत होतं. सत्तावीस वर्षांत हे मत बदलावं असा एकही माणूस त्याला भेटला नव्हता. भेटला असता तरी त्यानं ते बदललं नसतंच, ती गोष्ट वेगळी.

वजाबाकी हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. खरं नाव त्याच्या बायकोला आणि वीजबिलाला माहीत होतं. जुन्या मोटारसायकलींच्या त्या गल्लीत ते कुणी घेत नसे. हे नाव त्याला धंद्यानं दिलं होतं. पूर्वी तो मेकॅनिक होता, पण आता हातात पाना धरत नसे. गाड्या घेत नसे, विकतही नसे. जुन्या गाडीचा रास्त भाव काढून द्यायचा, एवढंच त्याचं काम. त्याची रीत साधी होती. कोऱ्या गाडीची आजची किंमत घ्यायची आणि तिथून कापत कापत खाली उतरायचं. वर चढायचं नाही. कुणी म्हणालं, "दोन्ही टायर नवे टाकलेत, त्याचे काही धरा की," तर वजाबाकी त्याच्याकडे चपलेला चिकटलेल्या घाणीकडे बघावं तसं बघे.

"टायर नसते तर गाडी इथवर उचलून आणली असतीस का? मिळवणी नाही."

नवं सीट कव्हर घातलं असेल तर उलट पाचशे वजा, कारण खालचं फाटल्याशिवाय माणूस वरचं घालत नाही. टाकीला नवा रंग असेल तर दोन हजार वजा, कारण गाडी कुठं तरी आपटल्याशिवाय कुणाला रंगाची हौस येत नाही. टाकीवर देवाचं चित्र चिकटवलेलं असेल तर ते तो नखानं खरवडून काढी आणि खालचा पोचा मालकाला दाखवी.

गल्लीचा रिवाज असा, की विकणारा आणि घेणारा यांचं जमत आलं की दोघांनी मिळून गाडी आदल्या संध्याकाळी वजाबाकीच्या शटरमागे ठेवायची. सकाळी तो भाव काढी. मेहनताना दोघांकडून अर्धा अर्धा, म्हणजे कुणी म्हणायला नको की याचं मीठ खाल्लं. काढलेला भाव तो गाडीच्या काळ्या सीटवर पांढऱ्या खडूनं लिही. त्यानंतर घासाघीस नाही. पटलं तर त्या आकड्याला सौदा, नाही पटलं तर दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं. शटरवर त्यानं तरुणपणी ऑइलपेंटनं एक ओळ लिहून ठेवली होती: आकडा चुकला तर गाडी माझी. रंग दोनदा उडाला, दोनदा पुन्हा दिला. गाडी घ्यायची वेळ मात्र एकदाही आली नव्हती, आणि हे तो चहा पाजणाऱ्यालाही ऐकवत असे आणि न पाजणाऱ्यालाही.

विकणाऱ्यांच्या त्यानं जाती पाडल्या होत्या. पहिली जात 'डॉक्टरांची गाडी'वाल्यांची. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, पावसात कधी काढलीच नाही. "जगात इतके डॉक्टर असते," वजाबाकी म्हणे, "तर माणूस मेलाच नसता." दुसरी जात 'घरात कुणी चालवत नाही हो'वाल्यांची. यांच्या गाडीचा मीटर बारा हजार दाखवी आणि ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर झिजून खालचं लोखंड बाहेर आलेलं असे. मीटर माणसाला फिरवता येतो, पायपट्टी फिरवायचं अजून कुणाला सुचलेलं नाही. तिसरी जात हळव्यांची. या गाडीवरून बायकोला पहिल्यांदा फिरायला नेलं, ही गाडी म्हणजे घरातलं माणूस, वगैरे. अशांना तो विचारी, "मग घरातलं माणूस विकायला काढलंस होय?"

घेणारेही काही कमी नव्हते. टायरला लाथ मारून बघायचं, टाकीचं झाकण उघडून आत डोकं घालायचं, आरशात भांग पाडायचा आणि मग मान हलवून "गाडी बरी वाटते" म्हणायचं. अलीकडे तर मोबाइलवर भाव बघून येत. गाडी बघितली नाही, हात लावला नाही, आणि मोबाइलला म्हणे भाव कळतो. वजाबाकी अशांचा मोबाइल हातात घेई, उलटासुलटा करी आणि म्हणे, "याची काच फुटली आहे. तीनशे वजा."

त्याची तपासणी मात्र बघण्यासारखी असे, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य करावं. सकाळी शटर वर गेलं की पहिल्यांदा इंजिनावर तळहात. थंडगार लागलं पाहिजे. गाडी रात्रभर ठेवून घ्यायची सक्ती याचसाठी होती. विकणारे गाडी आधी चांगली फिरवून, तापवून आणतात. तापलेलं इंजिन गोड बोलतं, खरं काय ते थंड इंजिन सांगतं. मग नटांचे कोपरे, झिजलेले असले तर इंजिन कुणी तरी आधी उघडलंय. मग मागचं चाक धरून हिसडा. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल. आणि सगळ्यात शेवटी कान.

हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर त्याच्याकडे होता. त्याचं टोक तो चालू इंजिनावर टेकवी, मूठ कानापुढच्या हाडाला लावी आणि डोळे मिटे. तेवढा वेळ गल्ली गप्प बसे. समोरचा पंक्चरवाला हवेचा पंप बंद करी. झडपांवरच्या टॅपेटची बारीक टकटक, टायमिंग चेनची, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या साखळीची करकर, पिस्टनचा ठोका, प्रत्येकाचा भाव ठरलेला. डोळे उघडले की वजाबाकी आवाजांची नावं घेत एकेक आकडा वजा करी आणि विकणाऱ्याचा चेहरा उतरत जाई. हे बघायला लोक कामधंदा सोडून उभे राहत.

गेल्या दोन वर्षांत मात्र एक नवल घडलं होतं. गाड्या सुधारल्या होत्या. रबरं झिजलेली असत, टाक्यांना रंग दिलेले असत, ती लबाडी काही संपली नव्हती. पण इंजिनं एकापेक्षा एक निरोगी निघू लागली. स्क्रू ड्रायव्हर लावावा तर आत सगळं शांत. वजाबाकीला सुरुवातीला खरं वाटेना. मग हळूहळू त्यानं निष्कर्ष काढला की त्याच्या धाकानं लोक अखेर गाड्या नीट ठेवायला शिकले. "पंचवीस वर्षं घसा फोडला, तेव्हा कुठं या गाढवांना ऑइल बदलायची अक्कल आली," असं तो घरी बायकोला म्हणाला. आकडे चढू लागले, आणि विकणाऱ्यांची त्याच्या दारात रांग लागू लागली. पूर्वी घेणारे ओढून आणत तेव्हा विकणारे यायचे, आता विकणारेच पुढं होऊन म्हणत, "वजाबाकी म्हणतील तो भाव." हा मान वजाबाकीला मानवला होता. माणूस कितीही कडू असला तरी स्तुतीचा चमचा त्याच्या तोंडात सहज जातो.

नाही म्हणायला सुरुवातीला एकदा पंक्चरवाला म्हणाला होता, "आत काही तरी खडखडतंय का हो?" वजाबाकीनं चारचौघांत त्याला ऐकवलं, "रबराला ठिगळं लावणाऱ्यानं इंजिनाबद्दल बोलू नये." लोक हसले. पंक्चरवाला त्यानंतर कधी बोलला नाही.

याच सुमारास त्यानं मनगटावरचं घड्याळ घड्याळजीकडे नेऊन त्याच्या अंगावर टाकलं होतं. दुपारी बाराच्या गोळीसाठी लावलेला गजर वाजतच नाही, तुम्ही लोक सेल बदलायचे पैसे घेता आणि जुनाच सेल परत घालता. घड्याळजीनं गजर लावून बघितला, वजाबाकीच्या तोंडाकडे बघितलं, आणि मुकाट्यानं नवा सेल घातला. पैसे घेतले नाहीत. वजाबाकी म्हणाला, "चोर पकडला गेला की असाच उदार होतो."

तर अशा वजाबाकीकडे त्याची भाची आली. धाकट्या बहिणीची मुलगी, वय सव्वीस. एका तपासणी प्रयोगशाळेसाठी घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढायचं तिचं काम. मामानं त्या कामाला कधी काम मानलं नव्हतं. "सुया टोचत फिरते," एवढंच तो सांगे. आता प्रयोगशाळेनं फर्मान काढलं होतं की पुढच्या महिन्यापासून बसनं फिरणारे चालणार नाहीत. नमुने दोन तासांत पोहोचले पाहिजेत. स्वतःची गाडी असेल तर नोकरी, नाही तर दुसरी बघा.

"मामा, माझ्याकडे बत्तीस हजार आहेत," ती म्हणाली. "सगळे मिळून एवढेच. तुम्ही म्हणाल तीच गाडी घेईन."

"गाडीतलं कळतं का काही?"

"नाही."

"मग बरं आहे. ज्यांना थोडं कळतं तेच जास्त बुडतात."

तिला जमण्यासारखी मिळाली ती एका फर्निचरवाल्याची गाडी, पाच वर्षांची. फर्निचरवाला जाड, गोडबोल्या माणूस. गाडी ठेवायला आला तेव्हा तो डॉक्टर, पाऊस, घरचं माणूस यातलं काहीच बोलला नाही. नुसतं म्हणाला, "तुमच्या हातात आहे." वजाबाकीला तो आवडला.

सकाळी सगळे जमले. तळहात, नट, चाक, रुमाल, सगळं झालं. पायपट्टी झिजलेली, दोन हजार वजा. पुढचा शॉकअप गळतोय, दीड हजार वजा. किक मारली, इंजिन सुरू झालं, आणि पंक्चरवाल्यानं पंप बंद केला.

वजाबाकीनं डोळे मिटले. कानात भरदार, गोल घरघर भरून आली. खाली ठोका नाही, वर काही नाही. त्यानं स्क्रू ड्रायव्हर तीन ठिकाणी टेकवून बघितला. भाचीची गाडी म्हणून उलट नेहमीपेक्षा जास्त वेळ दिला. डोळे उघडले तर पंक्चरवाला हातातल्या ट्यूबकडे असा बघत होता, की जणू तिच्यावर काही लिहिलंय. फर्निचरवाला जमिनीकडे बघत होता.

"मामा," भाची म्हणाली, "हे करकर करतंय ते काय?"

"काय करकर करतंय?"

"इथं, वरच्या बाजूला. डब्यात खिळे घालून हलवल्यासारखं."

वजाबाकीनं, न्यायाला धरून, पुन्हा एकदा स्क्रू ड्रायव्हर लावला. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तीच गोल घरघर. त्यानं इंजिन बंद केलं आणि गल्लीकडे वळून म्हणाला, "ऐकलंत? कालपर्यंत बसच्या दांड्याला लटकत होती, आज इंजिनाचं पोट तपासायला निघाली. अगं, ते तुझ्या डोक्यात वाजतंय. सुई टोचून बघ, हवा निघून जाईल."

लोक हसले. सगळ्यात मोठ्यानं फर्निचरवाला हसला. भाचीनं एकदा पंक्चरवाल्याकडे बघितलं; त्यानं पंप चालू केला. तिचे कान लाल झाले. "तुम्ही म्हणाल तसं, मामा," ती म्हणाली.

वजाबाकीनं सीटवर लिहिलं: एकतीस हजार. फर्निचरवाल्यानं घरून निघताना अठरा मिळाले तरी देऊन टाकू असं बायकोला सांगितलं होतं, हे मागून कळलं. त्या क्षणी त्याच्या तोंडावर एक रेष हलली नाही. धंद्यात असं तोंड मिळायला भाग्य लागतं. पैसे मोजून घेताना तो फक्त म्हणाला, "न्याय झाला." आणि वजाबाकीनंही रात्री जेवताना बायकोला अभिमानानं सांगितलं की भाची असली तरी आपण आकड्यात एक पैसा हलवला नाही.

गाडी अकरा दिवस चालली.

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या पुढं भाची गाडी ढकलत गल्लीत आली. मागच्या सीटला नमुन्यांची थंड पेटी बांधलेली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. भर रस्त्यात आत काही तरी तुटल्याचा आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी आवळलं. मेकॅनिक शोधण्यात आणि गाडी ढकलण्यात दोन तास केव्हाच उलटून गेले. चौदा जणांचं रक्त फुकट गेलं, त्यात एक तान्हं मूल होतं. त्याची शीर सापडायला तिला वीस मिनिटं लागली होती. प्रयोगशाळेच्या साहेबांनी फोनवर सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. सोमवारी चालती गाडी नसेल तर येऊ नका.

"ऑइल बघितलंस का कधी?" वजाबाकीनं विचारलं.

"बघितलं. तुम्ही सांगितलं तसं, दर रविवारी."

"मग दामटली असशील. घाई, नुसती घाई. तुम्हा पोरींना गाडी दिली की..." एवढं बोलत त्यानं स्वतःच बाह्या सारल्या आणि कित्येक वर्षांनी पाना हातात घेतला. भाचीची चूक चारचौघांत सिद्ध करून दाखवायची होती. गोणपाट अंथरलं, इंजिनाचं वरचं झाकण खोललं. टायमिंग चेन तुटून पडली होती. ते अपेक्षितच होतं. ती बाजूला काढून त्यानं आत बोट घातलं.

साखळीच्या वाटेला इंजिनाच्या भिंतीत खाच पडली होती. बोटाचं नख पूर्ण बसेल इतकी खोल, कडेनं गुळगुळीत, चकचकीत. ढिली झालेली साखळी भिंतीला घासल्याशिवाय अशी खाच पडत नाही, आणि अकरा दिवसांत तर कधीच पडत नाही. वर्षभर घासायला हवं. आणि वर्षभर घासणारी साखळी गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की चहावाल्यालाही ऐकू येते. हे वजाबाकीला कुणी सांगायला नको होतं. त्यानंच लोकांना शिकवलं होतं.

तो खाचेत बोट घालून तसाच उकिडवा बसून राहिला.

"मामा," भाची थकून म्हणाली, "ते घड्याळ बंद करा ना आधी. मघापासून बोंबलतंय."

वजाबाकीनं मनगटाकडे बघितलं. बारा वाजले होते. काचेच्या कोपऱ्यात गजराची एवढीशी घंटा लुकलुकत होती. त्यानं मनगट कानाला लावलं. दुसऱ्या कानाला लावलं. मग बटण दाबलं, आणि घंटा लुकलुकायची थांबली. ऐकण्यात काहीच फरक पडला नाही.

तो उठून समोर गेला. पंक्चरवाला पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता.

"तुला ऐकू येत होतं?"

पंक्चरवाल्यानं वर बघितलं नाही. "सगळ्यांनाच येत होतं."

"या गाडीचं?"

"या गाडीचं, त्या आधीच्या लाल गाडीचं, त्या दूधवाल्याच्या गाडीचं. ती तर खडखडतच आली होती. तुम्ही तिला 'अंगाई गाते' म्हणालात."

"आणि तुम्ही कुणी एक शब्द बोलला नाहीत."

"बोललो होतो की एकदा," पंक्चरवाला म्हणाला. आता त्यानं वर बघितलं. "तुम्हाला कोण सांगणार हो? सांगायला जावं तर तुम्ही माणसाची चामडी लोंबवता. आम्हाला वाटलं, असेल तुमचा काही हिशेब. विकणारे मात्र खूश होते. बाहेरगावाहून यायला लागले होते लोक, खराब इंजिनं घेऊन. घेणारे परत आले नाहीत; गाडी तूच दामटलीस म्हणाल, हे त्यांना ठाऊक होतं."

दोन वर्षांतली रांग वजाबाकीच्या डोळ्यांपुढून गेली. 'वजाबाकी म्हणतील तो भाव' म्हणणारा एकेक गोड चेहरा गेला. पंचवीस वर्षं ज्या लबाडांना तो सोलून काढत होता, त्या सगळ्यांनी मिळून त्याला आपला माणूस करून घेतलं होतं, आणि त्यानं त्याला मान समजून मान ताठ केली होती. जन्मभर तो इतरांना गाढव म्हणत आला. पण गाढवालाही निदान लांब कान असतात, आणि ते चालतात. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"फर्निचरवाल्याला बोलावू का?" पंक्चरवाल्यानं हळूच विचारलं.

"कशाला? त्यानं भाव सांगितलाच नव्हता. तो नुसता गप्प बसला, तुमच्यासारखा. आकडा माझा होता."

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती जराही चकित झाली नाही. "बोललेलं कळतं तुम्हाला, पण कुकर तीन-तीन शिट्ट्या मारतो आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचता," ती म्हणाली. "गेल्या वर्षी म्हटलं होतं मी, कान दाखवून या. तेव्हा काय म्हणालात, आठवतं?"

त्याला आठवत होतं. "माझ्या कानावर गल्ली चालते, तू भाजीत मीठ किती ते बघ," असं तो म्हणाला होता.

"एकतीस हजार आहेत का घरात?"

"तेरा आहेत. तेही औषधांचे धरून."

"मग माझी गाडी देतो तिला."

यावर मात्र बायको चकित झाली. वजाबाकीची गाडी ही गल्लीतली एक दाखवायची वस्तू होती. चार वर्षांपूर्वी कोरी घेतलेली, दर रविवारी पुसून तेलपाणी केलेली. गाडी कशी ठेवावी याचं प्रवचन तो तिच्याच टाकीवर हात ठेवून देत असे. "किक मारा आणि सांगा," तो म्हणे, "एक तरी आवाज आहे का?" आणि लोक मान हलवून म्हणत, नाही बुवा.

पण रिवाज म्हणजे रिवाज. स्वतःच्या गाडीचा भाव स्वतः काढायचा नाही. त्यानं ती रात्रभर शटरमागे ठेवली आणि सकाळी भाचीला बोलावून हातभर स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला.

"तू काढ भाव."

"मला नाही येत, मामा."

"कान आहेत ना? बाकीचं मी सांगतो. आधी इंजिनावर हात ठेव. थंड आहे का?"

"थंड आहे."

पायपट्टीचं रबर तिनं दाखवलं, पैसे त्यानं सांगितले. मागचं चाक तिनं हिसडलं. नटांचे कोपरे तिनं एकेक करून बोटांनी चाचपले. शिरा शोधायची सवय असलेली ती बोटं; वजाबाकीला पहिल्यांदाच दिसलं की त्यांना घाई अजिबात नव्हती. मग किक मारली. पंक्चरवाल्यानं पंप बंद केला. भाचीनं मूठ कानापुढच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले.

तिनं टोक एकदा वर, एकदा खाली टेकवून बघितलं.

"बोल."

"मामा..."

"बोल म्हणतो ना! आणि 'तुम्ही म्हणाल तसं' एवढं सोडून काहीही बोल."

तिनं डोळे उघडले. "वाजतंय. बारीक. टक टक टक. वर, डाव्या बाजूला."

वजाबाकीनं पंक्चरवाल्याकडे बघितलं. पंक्चरवाल्यानं या वेळी ट्यूबकडे बघितलं नाही. त्यानं मान डोलावली.

"किती दिवस?"

"दीड वर्ष असेल."

"टॅपेट," वजाबाकी म्हणाला. "वेळेवर कळलं असतं तर दोनशेचं काम. दीड वर्ष तसंच चालवलंय, म्हणजे झडपा हलवणारा आतला कॅम खाल्ला असणार. पाच हजार वजा."

भाचीनं मनात हिशेब केला असावा, कारण ती एकदम म्हणाली, "मामा, पाच नको. एक हजार धरा. एवढं काही मोठ्यानं वाजत नाही. मला काय, रोजच्या फिरण्याला पुरे."

"विकणारा कोण आहे, तू की मी?"

"तुम्ही."

"मग घेणाऱ्यानं विकणाऱ्याची कीव करू नये. पाच. मिळवणी नाही."

त्यानं खडू घेतला आणि स्वतःच्या गाडीच्या सीटवर लिहिलं: अठ्ठावीस हजार. एकतीसातले उरलेले तीन हजार खिशातून काढून तिच्या हातात ठेवले, त्यांवर किल्ली ठेवली. फर्निचरवाल्याच्या गाडीचा सांगाडा ढकलून शटरच्या आत, आपल्या गाडीच्या जागेवर नेऊन लावला. ती गाडी आता त्याची होती. शटरवर तसं लिहिलेलंच होतं.

भाचीनं थंड पेटी मागं बांधली. सीटवरचा आकडा पुसायला ती ओढणी पुढं करत होती, त्यानं तिला थांबवलं आणि स्वतःच्या बाहीनं पुसला. मग ती निघाली. वजाबाकी पायरीवर उभा राहून कान देऊन ऐकत राहिला. वळणापर्यंत गाडी त्याला ऐकू येत होती. अगदी गोड चालली होती, एकही आवाज नव्हता.